काळी माती, मुरमाची भरती आणि तापलेली गच्ची : जरीपटक्यातील घरबागेचा आढावा

नागपूरच्या उत्तर भागात, जरीपटक्यात, घराभोवती काही लावायचे मनावर घेतले की सल्ले भरपूर मिळतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी सांगते, इथल्या काळ्या मातीसारखी माती नाही, नुसते बी टाका. दुसरे कोणी म्हणते, ती उपसून टाका आणि लाल माती आणा. नर्सरीवाला कोकोपीटची वीट पुढे करतो, तर शेतीशी नाते टिकवून असलेले नातेवाईक शेणखताशिवाय दुसरे काही ऐकून घेत नाहीत. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधावी की बाग सुकू द्यावी, यावरही दोन तट आहेत. या साऱ्या चर्चेत आज आपण कुठे उभे आहोत, कशावर एकमत झाले आहे आणि काय अजून सुटलेले नाही, ते इथे क्रमाने मांडतो.

पार्श्वभूमी

नागपूर आणि घराजवळची बाग यांचे नाते जुने आहे. ज्या संत्र्यावरून शहर ओळखले जाते आणि ज्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते संत्रे दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात राजघराण्याच्या बागेतून विदर्भात पसरले, असे परंपरेने सांगितले जाते. महाराजबागेला लागून असलेले कृषी महाविद्यालय 1906 चे. मातीचे देशव्यापी सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे मुख्यालयही नागपुरातच, दोन्ही 1976 पासून. लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था 1985 पासून इथे आहे. मातीविषयीचे एवढे ज्ञान एका शहरात क्वचितच साठलेले असेल. मात्र हे ज्ञान शेतासाठी उभे राहिले. एकरात विचार करणाऱ्या शिफारशी दहा बाय पंधरा फुटांच्या अंगणापर्यंत आल्या, तरी तिथे त्या कशा लावायच्या हे सांगणारे फारसे कोणी नव्हते. घरबागेच्या वादाचे मूळ बऱ्याच अंशी या अंतरात आहे.

जरीपटक्याला आणखी एक धागा आहे. 1947 नंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे इथे मोठ्या संख्येने वसली. ती ज्या प्रदेशातून आली तिथे सिंधू नदीचा गाळ आणि कालव्याचे पाणी होते, पाऊस जेमतेम होता. कोरड्या उन्हाची सवय त्यांना होती, पण चार महिने चिकटून बसणारी आणि मे महिन्यात हातभर भेगाळणारी माती नवी होती. तरीही सिंधी स्वयंपाकातली साई भाजी ज्या पालेभाज्यांवर उभी आहे, म्हणजे पालक, चुका, शेपू, मेथी, त्या सगळ्या नागपूरच्या हिवाळ्यात सहज येतात. शेवग्याच्या फुलांची भाजी सिंधी घरांत आवडीची, आणि शेवगा हे विदर्भाच्या परसातले हमखास झाड. शेजारच्या वैदर्भीय घरांत त्याच वाफ्यात सांबार (कोथिंबीर), अंबाडी, बरबटी (चवळी) आणि धोपा (अळू) दिसतो. दोन स्वयंपाकघरे एकाच मातीत भेटली. इथली घरबाग समजून घ्यायला ही नोंद मला महत्त्वाची वाटते, कारण काय पिकवायचे हे शेवटी घरात काय शिजते त्यावर ठरते.

पुढे मोकळ्या भूखंडांवर मजले चढले, अंगणात फरशी आली, रस्ते सिमेंटचे झाले आणि कित्येक ठिकाणी अंगणापेक्षा उंच झाले. बाग जमिनीवरून गच्चीत सरकली. गेल्या दोन दशकांतली बहुतेक चर्चा या सरकण्याबद्दलची आहे.

पायाखाली नेमके काय आहे

नागपूर दोन भूस्तरांच्या सीमेवर वसलेले शहर आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण, पूर्वेला आणि ईशान्येला त्याहून कितीतरी जुने खडक आणि कामठीचे वालुकाश्म. त्यामुळे ‘नागपूरची माती’ असे सरसकट बोलणे धोक्याचे आहे. तरी घरबागेच्या दृष्टीने सर्वांत जास्त भेट होते ती काळ्या कपाशीच्या मातीशीच.

या मातीत चिकणमातीचे प्रमाण अनेकदा निम्म्याहून अधिक असते, आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची असते. ओली झाली की कणांमधली पोकळी बंद होते, पाणी तासाला काही मिलिमीटर एवढ्याच वेगाने खाली उतरते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते, भेगा पडतात आणि बारीक मुळे अक्षरशः तुटतात. जुने शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती ना ओली ना कोरडी अवस्था या मातीत थोडेच दिवस टिकते. कुदळ घालायची ती त्याच दिवसांत. ओल्या काळ्या मातीत खणले तर जी ढेकळे होतात ती पुढचा पाऊस येईपर्यंत फुटत नाहीत.

दुसरा गुण रासायनिक आहे. सामू (पीएच) साधारण 8 च्या आसपास, खाली चुनखडीचे खडे, पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब आणि नत्र कमी. लोह आणि जस्त मातीत असूनही चुन्यामुळे मुळांच्या हाती लागत नाही. जास्वंद, गुलाब, संत्रा यांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. अशा झाडाला लोक पाणी वाढवतात आणि दुखणे बळावते, कारण साचलेल्या पाण्यात लोह आणखी अडकते.

पण इथे एक गोष्ट विसरली जाते. काळ्या मातीवर घर बांधताना पाया हलू नये म्हणून ती उकरून मुरूम भरतात. भिंतीलगतच्या तीन-चार फुटांत, म्हणजे नेमकी जिथे बाग करायची तिथे, मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा असतो. मुरमाचे दुखणे काळ्या मातीच्या अगदी उलट आहे. पाणी थांबत नाही, अन्न थांबत नाही. त्यात सिमेंटचा चुना मिसळून सामू आणखी चढतो. ‘आमच्या काळ्या मातीत काही येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांच्या अंगणात काळी माती नसतेच.

आणि तिसरा प्रकार गच्चीतला. तिथे माती आपण बनवतो. काळी माती, मुरूम-भरती आणि कुंडीतले मिश्रण या तीन वेगळ्या जमिनी आहेत. एकीचा उपाय दुसरीला अपाय ठरतो. परस्परविरोधी वाटणारे निम्मे सल्ले, कोणत्या जमिनीबद्दल बोलताय एवढे विचारले की आपोआप जागच्या जागी बसतात, असे माझे मत झाले आहे.

आकाश काय देते

नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. 29 डिसेंबर 2018 ला तो 3.5 अंशांपर्यंत उतरला. वर्षाचा पाऊस सरासरी अकराशे मिलिमीटरच्या पुढे, पण त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडून शहरातले अनेक भाग पाण्याखाली गेले. त्याच शहरात जुलै 2019 मध्ये पेंचचे धरण आटल्याने दिवसाआड पाणी द्यावे लागले होते. सरासरी आकडे बागेला फसवतात. इथे झाडाला दोन्ही टोके सोसावी लागतात.

तापमानापेक्षाही मे महिन्याची कोरडी हवा जास्त मारते. दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते, वारा भाजून काढतो. टोमॅटोचे उदाहरण घ्या. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रही उष्ण राहिली की परागकण निकामी होतात, फुले गळतात. खत कितीही घाला, फळ धरत नाही. नोव्हेंबरात लावलेले टोमॅटो फेब्रुवारीत भरभरून देतात आणि एप्रिलमध्ये थांबतात, यात माळ्याचा दोष नसतो.

मातीबद्दलची मते

पहिला पक्ष काळी माती ठेवून तिला सुधारण्याचा. आधार असा, की अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची या मातीची ताकद मोठी आहे, तिला फक्त हवा आणि निचरा हवा. उपाय तीन: जमिनीपासून सहा-आठ इंच उंच गादीवाफे, दरवर्षी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि उघडी माती कधीच न ठेवता पालापाचोळ्याचे आच्छादन. आच्छादनाने भेगा कमी होतात, हा फायदा सहसा कोणी नाकारत नाही. या मार्गाला वेळ लागतो. दोन-तीन पावसाळे गेल्याशिवाय फरक दिसत नाही, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तेवढी सवड नसते.

दुसरा पक्ष माती हलकी करण्याचा, आणि त्यात कन्हान नदीची वाळू मिसळण्याचा सल्ला सर्वांत जुना आहे. इथे मातीशास्त्राचे म्हणणे स्पष्ट आहे. चिकणमातीत थोडी वाळू घातली तर ती मोकळी होण्याऐवजी वाळल्यावर आणखी कठीण होते, कारण बारीक कण वाळूच्या फटी भरून काढतात. गुण बदलायचा तर निम्म्याहून अधिक वाळू लागते. तेवढी वाळू परवडत नाही आणि नदीलाही परवडत नाही. पण वाळूवाल्यांचा अनुभव खोटा आहे असे नव्हे. त्यांनी वाळूबरोबर शेणखतही घातलेले असते, आणि श्रेय वाळूला मिळते.

तिसरा पक्ष माती बदलण्याचा: लाल माती, कोकोपीट, गांडूळखत यांचे मिश्रण. कुंडीसाठी याला पर्याय कमी आहेत, कारण काळी माती कुंडीत आकसून कडेला फट पाडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. जमिनीत मात्र हा उपाय अर्धवट ठरतो. काळ्या मातीत खड्डा करून त्यात हलके मिश्रण भरले, तर पावसाळ्यात चहूकडचे पाणी त्या खड्ड्यात उतरते, तिथेच थांबते आणि रोप कुजते. ही चूक इतकी सर्रास होते की नर्सरीतून रोप देताना ती सांगितली जायला हवी.

सामू उतरवण्यासाठी गंधक, लिंबूरस किंवा व्हिनेगर घालण्याचा सल्लाही फिरतो. चुनखडीच्या मातीत तो फारसा टिकत नाही, मोकळा चुना ते आम्ल संपवून टाकतो. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घातले तर त्यातले लोह लवकरच निरुपयोगी होते. त्यापेक्षा त्याच्या अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाची पानांवर फवारणी किंवा चुन्यात टिकणारे चिलेटेड लोह वापरणे बरे, यावर जाणकारांत फारसा मतभेद नाही.

संत्रे अंगणात का रुसते

नागपुरात राहून दारी संत्र्याचे झाड असावे ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे, म्हणून याकडे जरा थांबून पाहू. संत्र्याला फुलण्यासाठी ताण लागतो. शेतकरी आंबिया बहरासाठी हिवाळ्यात, तर मृग बहरासाठी मे महिन्यात पाणी तोडतो, झाड पाने टाकते आणि मग पाणी किंवा पाऊस मिळताच एकदम फुलते. अंगणातले झाड मात्र बाजूच्या तुळशीचे, गुलाबाचे, कपडे धुतल्याचे पाणी वर्षभर पीत राहते. ताण बसतच नाही, म्हणून तुरळक फुले येतात आणि गळतात. शिवाय बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या रोग लागतो. खोडाला बोर्डो पेस्ट लावणे, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवणे आणि आळे खोडापासून दूर, बांगडीसारखे करणे हे उपाय बागाईतदार वर्षानुवर्षे करत आले आहेत. घरच्या झाडाला ते तसेच लागू पडतात. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांना कागदी लिंबू, कढीपत्ता, सीताफळ किंवा शेवगा हेच मी सुचवीन.

गच्चीवरची मते

गच्चीवर भाजीपाला घेण्याची चळवळ महाराष्ट्रात मुख्यतः पश्चिमेकडून आली. श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने कमी जागेत पालापाचोळ्यापासून माती घडवण्याचा विचार रुजवला. मुंबईत डॉ. रमेश दोशींनी उसाच्या चिपाडावर पिशव्यांतून भाज्या घेऊन दाखवल्या. प्रीती पाटील यांनी मुंबई बंदर न्यासाच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर उरलेल्या अन्नाच्या खतातून बाग उभी केली. या वाटेचे समर्थक सांगतात, की माती जवळजवळ न वापरता ओल्या कचऱ्याची सोय लागते आणि वजनही कमी राहते.

नागपूरकरांची शंका हवामानाबद्दल आहे. मुंबईच्या दमट हवेत पालापाचोळ्याची पिशवी ओली राहते. इथे मे महिन्यात तीच दुपारपर्यंत कोरडीठाक होते, आणि कुजण्याची क्रियाच थांबते. म्हणून इथे थोडी माती मिसळावी, काळ्या प्लास्टिकऐवजी फिकट रंगाची किंवा मातीची कुंडी घ्यावी आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, असे अनुभवी लोक सांगतात. मला हे म्हणणे पटते.

वजनाचा मुद्दा मात्र मताचा नाही, गणिताचा आहे. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरला जातो. ओल्या चिकण मातीचा एक फुटाचा थर त्याच जागेवर पाचशे किलोच्या पुढे जातो. सलग वाफा करायचा असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. एरवी कुंड्या तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर ठेवाव्यात, आणि जलरोधक थर तपासून घ्यावा.

उन्हाळ्यात काय करावे

बाग बारा महिने हिरवी हवी असे मानणारे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, ठिबक आणि सकाळ-संध्याकाळ पाणी यांवर भर देतात. त्यांचे म्हणणे असे, की गच्चीवर सावली झाली तर खालची खोलीही थंड राहते आणि कूलरचा खर्च वाचतो. समोरच्या बाजूचे म्हणणे, की ज्या शहरात पाणी पेंचहून येते तिथे मे महिन्यात पालक जगवणे हा पाण्याचा अपव्यय आहे. विदर्भाच्या शेतीत उन्हाळा हा जमीन तापू देण्याचा, उन्हाळवाहीचा काळ होता, तसाच तो बागेतही असावा.

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण पूर्णपणे नव्हे. माझी आखणी अशी: मृगाच्या पावसावर भेंडी, बरबटी, दोडके, कारले, कोहळे. ऑक्टोबरनंतर पालेभाज्या, सांबार, मुळा, टोमॅटो, कोबी. आणि मार्चपासून फक्त तग धरणारी मंडळी, म्हणजे शेवगा, कढीपत्ता, तोंडली आणि चिवळ. चिवळ तर उन्हातच सुखावते, आणि विदर्भात तिची भाजी आवडीने खातात. बाकी कुंड्या रिकाम्या करून माती नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, पसरली तर बुरशी आणि सूत्रकृमी कमी होतात. हे सगळ्या घरांना पटेल असे नाही. ज्यांच्या घरी आजारी किंवा वृद्ध माणूस दिवसभर गच्चीखालच्या खोलीत असतो, त्यांच्यासाठी जाळी आणि वेल यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो रास्त आहे.

अजून न सुटलेले प्रश्न

पहिला जीवामृताचा. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचे हे मिश्रण देशभर पोहोचवले, त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. घरबागेत ते लोकप्रिय आहे आणि वापरणारे मातीत गांडुळे वाढल्याचे सांगतात. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने मात्र 2019 मध्ये या पद्धतीच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले. हा वाद शेतातल्या उत्पादनाचा आहे. चुनखडीच्या मातीत, वर आच्छादन असलेल्या छोट्या वाफ्यात फायदा होतो तो जीवामृताचा की आच्छादनाचा, हे वेगळे काढून पाहायला दोन शेजारी वाफे आणि एक हंगाम पुरेल. असे शेजारी-शेजारी प्रयोग वस्तीपातळीवर व्हायला हवेत.

दुसरा पाण्याचा. घरोघरी आरओ यंत्रे आहेत, आणि लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडते. ते बागेला घालून पाणी वाचवल्याचे समाधान मिळते. पण त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, आणि बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात तर फारच. आधीच चुनखडीच्या मातीला ते वर्षानुवर्षे दिले तर काय होईल? कूलरच्या टाकीतल्या तळाच्या पाण्याबद्दलही हीच शंका आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला तर ते पाणी थांबवावे आणि पावसाळ्यात कुंडी धो-धो पाण्याने धुऊन निघू द्यावी, इतके सांगता येते. गुलाब आणि लिंबूवर्गीय झाडे क्षारांना लवकर बळी पडतात, नारळ बराच काळ सोसतो. कोणत्या भाजीला किती चालेल याचा घरगुती मापदंड अजून हवा आहे.

तिसरा राखेचा. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही मोठी औष्णिक केंद्रे आहेत. दगडी कोळशाची राख जड काळ्या मातीत मिसळली तर निचरा सुधारतो, असे शेतीसंशोधनात आढळले आहे, आणि त्याच राखेत जड धातूही असतात. म्हणून शेतात शोभणारी गोष्ट खायच्या भाजीच्या कुंडीत घालावी का, याबद्दल मी तरी सावधच राहीन.

आणि याच्याशी जोडलेला चौथा प्रश्न तपासणीचा. 2015 मध्ये सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका योजना बारा घटक तपासते, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत तिच्यात बागायती क्षेत्रात दर अडीच हेक्टरला, कोरडवाहूत दर दहा हेक्टरला एक नमुना घेतला जात होता. ती शेतासाठीच आखलेली आहे. राडारोडा भरलेल्या, जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या, रस्त्याकडेच्या अंगणात शिसे किती आहे हे त्या बारा घटकांत येत नाही. नमुना प्रयोगशाळेत नेता येतो, पण जड धातूंची तपासणी वेगळी सांगावी लागते. पालेभाजी आणि कंदभाजी पिकवणाऱ्याने, विशेषतः घरात लहान मुले असतील तर, जुन्या भरतीच्या जागी आधी ही तपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत अशा जागी वेगळ्या मातीचा उंच वाफा करावा, किंवा तिथे भाजीऐवजी फुलझाडे लावावीत.